मुंबई बघायला निघालात? आधी वार ठरवा, मग ठिकाणं

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहिलात तर एखादं तरी कुटुंब हमखास दिसतं. पाठीवर बॅगा, हातात पुरी-भाजीचा डबा आणि चेहऱ्यावर ‘आता काय करायचं?’. इथून बोटीने जायच्या बेटावरची घारापुरीची (एलिफंटाची) लेणी सोमवारी बंद असतात, हे त्यांना गेटवेपाशी पोहोचल्यावर कळलेलं असतं. मला कळलं तेव्हा माझ्याबरोबर मिरजेहून आलेली मावशी होती, गुडघ्याला पट्टा बांधून खास लेणी बघायला निघालेली. ती मला काही बोलली नाही, नुसती समुद्राकडे बघत बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

आम्ही डोंबिवलीला राहतो, त्यामुळे दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत नातेवाइकांना मुंबई दाखवायचं खातं आमच्याचकडे. इतक्या वर्षांत एक लक्षात आलंय की सगळ्यांच्या चुका त्याच असतात. ठिकाणांची यादी आधी करायची आणि वार नंतर बघायचा. एका दिवसात सहा जागा कोंबायच्या. वस्तुसंग्रहालयात भर दुपारी, जेवून, पेंगत शिरायचं. खाली दिलेला क्रम दक्षिण मुंबईसाठी आहे, पूर्ण दोन दिवस आणि जमलं तर तिसरी सकाळ धरून.

## १. कॅलेंडर घेऊन बसा

पहिलं काम तिकिटाचं नाही, वाराचं. एका कागदावर एवढं लिहून घ्या:

- सोमवारी बंद: घारापुरीची लेणी, कुलाब्याचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, वरळीचं नेहरू तारांगण, रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणी.
- बुधवारी बंद: भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. म्हणजे गुरुवारीही फसायची सोय आहे.
- आठवडाभर उघडं: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुन्या लोकांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. काही राष्ट्रीय सणांना मात्र त्याचीही चौकशी करा.

यातून सगळ्यात सुटसुटीत जोडी निघते ती गुरुवार-शुक्रवारची. मंगळवारही चालतो. नोकरीमुळे शनिवार-रविवारच मिळत असेल तर शनिवारी घारापुरी आणि रविवारी किल्ला भाग, म्हणजे फोर्ट, असं ठेवा, उलट नको. रविवारी घारापुरीच्या बोटींना जत्रेसारखी गर्दी असते. याउलट किल्ला भागातली ऑफिसं रविवारी बंद असल्याने रस्ते मोकळे मिळतात आणि इमारतींकडे मान वर करून बघता येतं.

सावधान: रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो. साधारण अकरा ते चारच्या दरम्यान कुठल्या तरी मार्गावर गाड्या वळवलेल्या किंवा रद्द असतात. शनिवारी संध्याकाळी बातमी बघून ठेवा, म्हणजे सकाळी फलाटावर उभं राहून चडफडायला नको.

आणखी काही तारखा टाळा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांमुळे दादर आणि लोकल भरून वाहतात. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास आणि ३१ डिसेंबरला गेटवेच्या परिसरात निर्बंध असू शकतात. अनंत चतुर्दशीला तर विसर्जनाशिवाय दुसरं काही बघायचं ठरवूच नका.

पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, समुद्र खवळला की घारापुरीच्या बोटी थांबवतात. त्या महिन्यांत येणार असाल तर घारापुरीचा दिवस आणि संग्रहालयाचा दिवस अदलाबदल करता येईल असे ठेवा. सकाळी बोट बंद दिसली की पाय थेट संग्रहालयाकडे वळवायचे. चालत दहा मिनिटंही लागत नाहीत.

## २. दिवसाला एकच मोठं ठिकाण

मोठं ठिकाण म्हणजे जिथे तीन तासांहून जास्त वेळ जातो ते. आपल्या फेरीत अशी दोनच आहेत, घारापुरी आणि वस्तुसंग्रहालय. ही दोन्ही एका दिवसात बसवणारे लोक मी पाहिले आहेत. दुपारी साडेतीनला ते शिल्पदालनातल्या बाकावर पाय चोळत बसलेले असतात आणि मुलं ‘घरी कधी जायचं’ विचारत असतात.

क्रम असा धरा:

- पहिला दिवस: घारापुरी. संध्याकाळी जीव राहिला तर मरीन ड्राइव्ह, नाही तर काही नाही.
- दुसरा दिवस: सकाळी वस्तुसंग्रहालय, निवांत जेवण, चारनंतर ओव्हल मैदान ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशन) अशी पायी फेरी.
- तिसरी सकाळ: भायखळा.

हा क्रम मी उगाच लावलेला नाही. घारापुरीहून आलेली काही शिल्पं वस्तुसंग्रहालयात आहेत, आणि ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगिजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं तो हत्ती आज भायखळ्यात उभा आहे. बेट आधी बघितलं की पुढच्या दोन्ही जागी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं. उलट गेलात तर संग्रहालयातला दगड हा नुसता दगड आणि भायखळ्याचा हत्ती म्हणजे बागेतला पुतळा.

## ३. आदल्या रात्रीची तयारी

तिकिटं. घारापुरीच्या लेण्यांचं तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आधी काढता येतं. भारतीयांना माणशी ४० रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना काही नाही, असा दर माझ्या वेळी होता. दर बदलतात, काढताना बघून घ्या. बोटीचं तिकीट वेगळं, ते गेटवेजवळच्या खिडकीवर मिळतं. बेटावर ग्रामपंचायतीचा किरकोळ कर वेगळा. ही तीन वेगवेगळी तिकिटं आहेत हे डोक्यात नसलं की बेटावर उतरल्यावर ‘आम्ही तर पैसे भरले’ अशी वादावादी सुरू होते.

ओळखपत्रं. विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांना संग्रहालयांत सवलत असते, पण कार्ड दाखवल्यावर. शाळेचं ओळखपत्र दप्तरातून काढून आदल्या रात्रीच पाकिटात टाका. परदेशाचं नागरिकत्व घेतलेले भाऊ-बहीण बरोबर असतील तर त्यांना ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आठवणीने घ्यायला सांगा. ते असलं की स्मारकांवर भारतीयांचाच दर लागतो, नसलं तर परदेशी पर्यटकाचा, आणि त्या दोन दरांत कितीतरी पटींचा फरक आहे.

बॅगा. ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. संग्रहालयात मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, दारापाशी जमा करावी लागते. गेटवेच्या आवारात शिरतानाही तपासणी होते. गावाहून रात्रीच्या गाडीने थेट आला असाल तर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप असावं लागतं. चेनची बॅग कुलपाशिवाय घेऊन गेलात तर परत पाठवतात आणि मग स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून चढ्या भावात कुलूप घ्यावं लागतं. घरचं एक चिमुकलं कुलूप घेतलंत तर हे टळेल.

अंगावर. घासलेल्या, सवयीच्या चपला किंवा बूट. नवे बूट या सहलीसाठी घालू नका, पाय दुसऱ्याच दिवशी बोलायला लागतात. टोपी, पाण्याची बाटली, आणि साधी सुती ओढणी किंवा पंचा, जो घाम पुसायला आणि बोटीत कान झाकायला दोन्हीला उपयोगी पडतो.

तपासा: झोपण्यापूर्वी ज्या ठिकाणी जाणार आहात त्याचं अधिकृत पान एकदा उघडा किंवा फोन करा. दुरुस्तीसाठी एखादं दालन बंद असतं. भाऊ दाजी लाड संग्रहालयही मध्यंतरी दुरुस्तीसाठी बराच काळ बंद होतं, आणि जुन्या माहितीवर विसंबून लोक भायखळ्याला हेलपाटा घालत होते.

## ४. किल्ला भागात पोहोचणं

बाहेरगावच्या लोकांना एक गोष्ट माहीत नसते: दक्षिण मुंबईत ऑटोरिक्षा नाहीत. माहीम आणि सायनच्या अलीकडेच त्या थांबतात. पुढे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस, मेट्रो किंवा आपले पाय. टॅक्सीत बसण्याआधी ‘मीटरने येणार का?’ एवढं विचारा, आणि गेटवेच्या अगदी समोर उभ्या असलेल्या टॅक्सीपेक्षा रीगल सिनेमाच्या चौकापर्यंत चालून तिथली घ्या.

सकाळी साडेआठ ते साडेदहा सीएसएमटी आणि चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये लहान मुलं आणि आजी-आजोबांना घेऊन चढू नका. दोनच पर्याय आहेत: सातच्या आत निघणं किंवा अकरानंतर. घारापुरीच्या दिवशी पहिला, संग्रहालयाच्या दिवशीही शक्यतो पहिलाच. डब्यात चढताना पहिल्या वर्गाचा, महिलांचा आणि दिव्यांगांचा डबा ओळखून घ्या. गर्दीत चुकून चढलं तरी दंड तो दंडच.

आता भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते आणि तिची स्टेशनं सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी नेमकी आपल्या उपयोगाची आहेत. हुतात्मा चौकाला उतरलं की वस्तुसंग्रहालय दहा-बारा मिनिटांवर. पश्चिम उपनगरांत उतरलेल्या पाहुण्यांना मी आता तिनेच यायला सांगते.

## ५. घारापुरी: पहिल्या बोटीने

बोटी नऊच्या सुमाराला सुरू होतात आणि बेटावर पोहोचायला तासभर लागतो. साडेआठला गेटवेवर असा. दहाची बोट धरणाऱ्यांना बेटाच्या पायऱ्या ऐन उन्हात चढाव्या लागतात, आणि सगळ्या सहली त्यांच्याच बरोबर वर पोहोचतात.

अ. बोटीत. तिकीट जाऊन-येऊन असतं. ते फेकू नका, परत येताना मागतात. वरच्या मजल्यावर बसायचे थोडे पैसे वेगळे घेतात. जाताना ते द्यावेत असं माझं मत, कारण गेटवेचा समुद्राकडचा चेहरा पूर्वेला आहे आणि सकाळचं ऊन त्यावर थेट पडतं. जमिनीवरून काढलेल्या शंभर फोटोंपेक्षा बोटीतून दिसणारी ती कमान छान दिसते. डिसेंबर २०२४ मध्ये या मार्गावरच्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून मोठा अपघात झाला, तेव्हापासून लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. दिलं तर घाला, दिलं नाही तर मागून घ्या. ‘उकडतंय’ ही सबब चालवू नका.

आ. धक्क्यावरून वर. धक्का लांबलचक आहे. तिथे छोटी गाडी चालते, मुलांना तिची गंमत वाटते. त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकानं. दुकानं परतताना बघायची असं सगळ्यांना आधीच बजावून ठेवा, नाही तर पहिली बोट धरून कमावलेला तास तिथेच जातो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते. भाव बसण्याआधी ठरवा, जाऊन-येऊन की नुसतं जायचं हेही.

सावधान: माकडं. हातातली प्लास्टिकची पिशवी आणि शीतपेयाची बाटली ती हिसकावतातच. खाऊ बॅगेत, बॅगेची चेन बंद. वर पायऱ्यांवर बसून डबा उघडायचा नाही.

इ. मुख्य लेण्यात. इथे घाई करणाऱ्यांची चूक अशी: आत शिरायचं, थेट त्रिमूर्तीपुढे फोटो काढायचा आणि बाहेर. लेण्याचं मुख्य दार उत्तरेला आहे, त्यामुळे आत थेट ऊन येत नाही आणि बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना पहिली पाच मिनिटं काळोखच दिसतो. म्हणून दारातच थांबा. उजव्या हाताला नटराज, डाव्या हाताला योगीश्वर. हे दोघे बघेपर्यंत डोळे सरावतात.

मग खांबांमधून सरळ पुढे, दक्षिणेच्या भिंतीकडे. समोरची सुमारे २० फुटी सदाशिवाची मूर्ती म्हणजेच आपण म्हणतो ती त्रिमूर्ती. ती ब्रह्मा-विष्णू-महेश अशी नाही, शिवाचीच तीन रूपं आहेत. मधला चेहरा शांत, डोळे मिटलेले. तुमच्या डावीकडचा उग्र, मिशा असलेला, हातात नाग. उजवीकडचा कोवळा, हातात कमळ. मुलांना आधी सांगू नका, ‘तिघांच्या हातात काय काय आहे ते शोधा’ एवढंच सांगा. सहा-सात वर्षांची पोरंही त्यासाठी तिथे दहा मिनिटं उभी राहतात.

सदाशिवाच्या डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. तिथून पश्चिमेच्या दाराकडे वळा. दाराच्या एका अंगाला शिव-पार्वतीचं लग्न, दुसऱ्या अंगाला अंधकासुराचा वध. एकीकडे मान खाली घातलेली नवरी आणि समोरच राक्षसाला भोसकणारा तोच देव. ही जोडी समोरासमोर आहे हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण ते एकाला पाठ करून दुसऱ्याचा फोटो काढत असतात. चार दारांचं शिवलिंगाचं गाभारघर याच अंगाला आहे. दारांवरचे द्वारपाल माणसाच्या दुपटीहून उंच आहेत, त्यांच्या पायाशी उभं राहून वर बघा. मग पूर्वेच्या दारापाशी जा. तिथे कैलास हलवणारा रावण आणि सारीपाट खेळणारे शंकर-पार्वती.

दगडाला हात लावू नका, टेकू नका. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, तरी फोटोसाठी मांडीवर हात ठेवून उभे राहणारे काका प्रत्येक सहलीत एक तरी असतातच.

ई. परत. मुख्य लेण्याला दीड तास पुरतो. बाकीची लेणी अर्धवट कोरलेली आहेत, पाऊण तासात आटपतात. टेकडीवरच्या तोफेपर्यंतचा चढ तरुणांनी करावा, बाकीच्यांनी सावलीत बसावं. शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका. दुपारी दोन-अडीचला निघालात तर जागा मिळते, साडेचारनंतर धक्क्यावर रांग.

## ६. वस्तुसंग्रहालय: पाच गोष्टी ठरवून शिरा

सव्वादहाला दार उघडतं. दहाला रांगेत असा. डिसेंबर-जानेवारीत अकराच्या सुमाराला शाळांच्या सहली येतात आणि शिल्पदालनात आवाज इतका होतो की स्वतःचंच बोलणं ऐकू येत नाही.

तिकिटाच्या खिडकीवर दोन गोष्टी लगेच मिटवा. फोटोचा परवाना वेगळा घ्यावा लागतो, मोबाइललाही. आणि कानाला लावायची माहितीफीत मराठीतही मिळते, पण मागितल्याशिवाय मराठी कोणी पुढे करत नाही. मागा.

लोक इथे तळमजल्यावरच्या पहिल्या दालनातल्या पहिल्या कपाटापासून प्रत्येक पाटी वाचायला सुरुवात करतात आणि दीड तासात दमतात. वरचे मजले मग धावत. त्यापेक्षा घरूनच पाच गोष्टी ठरवा. माझ्या पाच अशा:

पहिली, घुमटाखालचं लाकूडकाम. आत आल्याआल्या मान वर करा. वास्तुकार जॉर्ज विटेट यांनी घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून बेतला, पण त्याच्याखाली फिरणारी कोरीव लाकडी महिरप आणि कठडे नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन इथे बसवले. इतक्या वेळा इथे येऊन मला हे पाचव्या खेपेला कळलं, कारण तोवर मी दारातून थेट उजवीकडे वळत असे. नाशिकचे पाहुणे असतील तर ते इथून हलत नाहीत.

दुसरी, शिल्पदालन. तळमजल्यावर. घारापुरीची पाटी असलेले दगड शोधा. आदल्या दिवशी बेट बघितलेलं असेल तर मुलं स्वतःच ओळखतात.

तिसरी, मीरपूरखासचे बुद्ध. सिंधमधल्या स्तूपातून आलेले, भाजलेल्या मातीचे. दगडाच्या गर्दीत ही माती मऊ वाटते. चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन बघा, अर्थात काचेच्या अलीकडून.

चौथी, लघुचित्रं. इथे दुरून काही दिसत नाही. एकाच चित्रापुढे तीन मिनिटं थांबा. कोपऱ्यातला मोर, खिडकीतली दासी, पाण्यातली बगळ्यांची रांग एकेक करून दिसायला लागतात. वाचायचा चष्मा घरी विसरलेल्यांची इथे पंचाईत होते.

पाचवी, शस्त्रं. त्यात अकबराच्या नावाचं चिलखत आणि ढाल आहे. मुलांना हेच आधी बघायचं असतं, म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवा. पुढच्या दालनाच्या आमिषाने आधीची चार शांतपणे बघून होतात.

या पाचांत अडीच तास जातात. नंतर पाय आणि उत्साह शिल्लक असेल तर ॲसिरियाच्या राजवाड्यातल्या भिंतींवरची दगडी चित्रं आणि नैसर्गिक इतिहासाचं दालन. लहानांसाठी आवारात वेगळं बालसंग्रहालयही आहे.

तपासा: बाहेर पडताना जमा केलेल्या बॅगेचा बिल्ला हातात आहे ना? तो हरवला की अर्धा तास जातोच.

## ७. ऊन बघून पायी फेरी

जेवण, थोडी विश्रांती आणि चारनंतर चालायला निघा. वेळ चारचीच का? कारण ओव्हल मैदानाच्या पूर्वेच्या कडेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर पश्चिमेकडे तोंड करून उभे आहेत. दुपारनंतरचं ऊन त्यांच्यावर पडतं आणि दगड सोनेरी होतो. सकाळी गेलात तर हेच सगळं काळपट दिसतं. पश्चिमेच्या कडेच्या आर्ट डेको (विसाव्या शतकातल्या एका शैलीच्या) इमारतींचं नेमकं उलट, त्यांच्यावर ऊन सकाळी. दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, पण दोन्ही एकाच वेळी उजळत नाहीत. मैदानाच्या मधोमध, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा चेंडू चुकवत उभे राहा आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघा. शंभर-दीडशे पावलांच्या अंतरावर दोन वेगळी शतकं आहेत.

तिथून हुतात्मा चौक. मशाल हाती घेतलेले शेतकरी-कामगार आणि शेजारचं फ्लोरा फाउंटन दोन्ही बघा. मग दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ सीएसएमटीकडे. या रस्त्यावरच्या कमानींखाली फेरीवाले बसतात, त्यामुळे लोक खालीच बघत चालतात. निम्मी मजा पहिल्या मजल्याच्या वर आहे. एकाने पाकिटं सांभाळायची, बाकीच्यांनी वर बघायचं.

सीएसएमटी शेवटी ठेवायची दोन कारणं. एक, तिचाही दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणजे संध्याकाळचं ऊन आणि मागोमाग दिवे. दुसरं, परतीची गाडी तिथूनच सुटते. समोरच्या महापालिकेच्या बाजूला उभे राहा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ दिसेल, आणि घुमटावर मशाल घेतलेली बाई. भिंतीवरचे मोर, माकडं, सरडे मुलांनी मोजावेत.

सावधान: संध्याकाळी साडेपाच ते आठ इथून निघणाऱ्या गाड्यांना गर्दी असते, पण गाड्या इथूनच सुटतात हा आपला फायदा. भरलेल्या गाडीत घुसू नका. एक-दोन सोडा, रिकामी होणारी गाडी फलाटावर लागताना तयार राहा. ज्येष्ठांना बसायला जागा मिळते.

## ८. तिसरी सकाळ: भायखळा

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून दहा-पंधरा मिनिटं चालायचं. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, आकाराने छोटं, दीड तासात होतं. इथली मातीची लहान लहान माणसं बघा: वेगवेगळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे मुंबईकर, त्यांची पागोटी, नेसण्याच्या पद्धती. माझ्या सासूबाई लुगड्याच्या नेसणीवरून ‘ही आपल्याकडची’ असं ओळखत पुढे जात होत्या, मला पाट्या वाचायची गरजच पडली नाही.

बाहेर हत्ती. घारापुरीहून १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत यारी (क्रेन) तुटली आणि तो फुटला. तुकडे जोडून या बागेत उभा केला. जोडांच्या रेघा आजही दिसतात, हाताने नाही तर डोळ्यांनी शोधा. किल्ल्यातल्या ‘काळा घोडा’ भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो मूळ घोडाही इथेच आहे, एडवर्ड राजाला पाठीवर घेऊन. प्राणिसंग्रहालयात शिरायचं ठरवलंत तर पुढचा अख्खा दिवस गेला असं समजा आणि परतीची गाडी रात्रीची घ्या.

## एकच दिवस हातात असेल तर

घारापुरी गाळा. अर्धा दिवस तिथल्या येण्याजाण्यात जातो आणि मग बाकीचं सगळं धावपळीत होतं. सव्वादहाला संग्रहालय, जेवण, चारनंतर ओव्हल ते सीएसएमटी. मधल्या दोन तासांत ग्रँट रोडजवळचं मणिभवन बसतं. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की इथे उतरत. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली आणि चरखा तेवढा बघितला तरी चालतं.

तो एक दिवस सोमवार निघाला तरी हे सगळं जमतं. त्या सोमवारी मी मावशीला गेटवेवरून उठवून हेच केलं होतं. संग्रहालयाच्या घुमटाखाली ती बराच वेळ मान वर करून उभी राहिली आणि म्हणाली, ‘आमच्या वाड्याला अशीच महिरप होती, विकली कुणाला ते बघायला हवं.’ घारापुरीला आम्ही त्याच आठवड्यात गुरुवारी गेलो. पहिली बोट, डोलीचा भाव आधी ठरवून.